पुढच्या फाटकातून

एकेचाळीस वर्षं माझे वडील या बागेत यायचे
मागच्या फाटकातून,
पहाटे, दंव सुकायच्या आत,
खांद्यावर शिडी, कमरेला कात्री.
आज तिकिटाच्या खिडकीपुढे उभे आहेत
परगावच्या पाहुण्यासारखे.
"कुठून जायचं?" मला विचारतात.
म्हाताऱ्यांना प्रवेश फुकट म्हटल्यावर
चेहरा जरा पडतोच त्यांचा.

आईने चार छत्र्या आणल्यात.
डबा राहिलाय घरी, ओट्यावर.
"आपल्या कानाझावात म्हणतातच ना,
डबा विसर, छत्री विसरू नकोस!"
म्हण पाळल्याच्या समाधानात
ती आम्हा सगळ्यांना उपाशी ठेवायला मोकळी.

नोव्हेंबरातला तिसरा रविवार.
हे मेपल लाजलंय, इरोहा सांगते,
ते पलीकडचं रागावलंय.
आणि तळ्याकाठचं, अर्धं हिरवं, अर्धं तांबडं?
"त्याला अजून कुणी काही सांगितलंच नाहीये."

काझुओमी कॅमेरा घेऊन उलटा चालतो,
दोनदा माफी मागतो, एकदा एका दगडी दिव्याची.
"बाबा, इकडे, झाडाकडे बघा!"
बाबा झाडाकडेच बघतायत,
फक्त भलत्या झाडाकडे.

तिथे एक म्हातारा पाइन.
बुंध्यालगत उभा केलेला उंच बांबू,
त्याच्या शेंड्यावरून सुटलेल्या
भाताच्या पेंढ्याच्या दोऱ्या,
एकेका फांदीला एकेक.
बर्फ पडायला अजून महिना आहे.
पण ओझं येण्याआधी हात द्यायचा असतो,
नंतर दिला तर ती नुसती विचारपूस.
हे बाबा म्हणत नाहीत. बाबा म्हणतात,
"चौथी गाठ ढिली आहे."

शिडीवरच्या पोराने ऐकलं.
वळून पाहिलं, ओळखलं,
आणि तिथेच, वरच्या पायरीवर,
कमरेत वाकून नमस्कार केला.
"वाकतोस काय! शिडी धर!"
सगळी बाग वळली आमच्याकडे.
आई छत्रीआड.

पोरगा खाली आला. मोरिनागा नाव त्याचं,
कानात पेंढ्याची काडी अडकलेली.
"जरा दाखवता का, तोकुजीसान?"
बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

फेब्रुवारीपासून ती बोटं मिटत नाहीत.
सकाळी त्यांच्या कोटाची बटणं मी लावते,
तेव्हा ते छताकडे बघत राहतात,
जसं काही तिथे छाटायला झालंय.

"सांगतो," ते म्हणाले. "हात नाही लावत.
दुसरा पीळ आतून घे.
ओढू नकोस. फांदीला विचार."
मोरिनागाने विचारलं असावं.
फांदीने काय सांगितलं कुणास ठाऊक,
दोरी ताणली गेली
आणि बाबांचे खांदे खाली आले.

मग पाऊस. आलाच, न सांगता.
माणसं पाच, छत्र्या चार;
इरोहा आजोबांच्या कोटात शिरली,
आणि एका कोटाला चार पाय फुटले.
शेवाळावरून पानं झाडणारी बाई
झाडू थांबवून हसली,
मग पुन्हा तेच लाल, तेच ओलं,
परडीत भरू लागली
निवडलेल्या भाजीच्या देठांसारखं.

टपरीवर गरम दांगो खाल्ले,
उभ्यानेच, एकमेकांच्या बाह्यांवर ठिबकत.

परतताना बसमध्ये आई म्हणाली,
"आवडली का पानं?"
"कोणती पानं?"
ती खिडकीकडे वळली. काझुओमीला हसू आवरेना.

दोन थांबे गेले.
"ते तळ्याकाठचं," बाबा म्हणाले,
"त्याच्यावर ऊन कमी येतं.
दर वर्षी आठवडाभर मागे असतं.
पुढच्या रविवारी बघायला हवं."

"पुढच्याच फाटकातून?" इरोहाने विचारलं.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
उजवा हात तिच्यापुढे धरला,
आणि ती त्यावर हातमोजा चढवू लागली,
एकेक बोट शोधत,
कुठेही न ओढता.